मदत हवी आहे : ज्या अपघातात माझी गाडी नव्हतीच, त्याचा विमा दावा माझ्या नावावर

नमस्कार.

मी पुण्यात वारज्याला राहतो. गेल्या सोमवारी माझ्या विमा कंपनीकडून रजिस्टर पोस्टाने एक पत्र आले. पाच आठवड्यांपूर्वीच्या रविवारी सायंकाळी ७ वाजून १५ मिनिटांच्या सुमारास, साताऱ्याहून मुंबईकडे जाणाऱ्या मार्गिकेवर नवले पुलाच्या अलीकडे माझ्या मोटारीने एका दुचाकीला मागून धडक दिली, दुचाकीवरील तरुणाच्या मांडीचे हाड मोडले आणि चालक न थांबता निघून गेला, असे त्यात म्हटले आहे. चालकाचे नाव, परवाना आणि गाडीची कागदपत्रे सात दिवसांत सादर करावीत, अशी सूचनाही आहे. दोन दिवसांनी पोलीस ठाण्यातून बोलावणे आले.

हा अपघात माझ्या गाडीकडून झालेला नाही. तरीही मी जे लिहीन त्यात माझ्या विरुद्ध जाणारी गोष्टही लपवणार नाही, कारण मला नेमका तिथेच सल्ला हवा आहे.

त्या रविवारी मी, पत्नी आणि आई साताऱ्याहून परतत होतो. शिरवळला चहासाठी थांबलो, त्याचे पैसे मोबाइलवरून ६ वाजून ५५ मिनिटांनी दिल्याची नोंद माझ्याकडे आहे. खेड शिवापूरच्या टोलनाक्याचा फास्टॅगचा संदेश ७ वाजून ४२ मिनिटांचा आहे. म्हणजे फिर्यादीतली वेळ खरी असेल, तर अपघात घडला तेव्हा आम्ही टोलनाक्याच्याही मागे होतो. मात्र त्यानंतर शिंदेवाडी आणि कात्रजचा नवा बोगदा ओलांडून आम्ही त्याच उतारावरून नवले पुलाकडे आलो, आणि तिथे रस्त्याच्या कडेला गर्दी आम्ही पाहिली. पत्नी म्हणाली, "अपघात दिसतोय, हळू घ्या." मी गाडी हळू केली, पण थांबलो नाही. आज त्या न थांबण्याचे मला फार वाईट वाटते. जबाबात हे सांगावे की केवळ टोलनाक्याची वेळ देऊन थांबावे, हा माझा पहिला प्रश्न आहे. एका परिचितांचे म्हणणे असे की, "मी तिथून गेलो होतो" हे वाक्य स्वतःच्या तोंडून लिहून देणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे.

आता गाडीचा क्रमांक कुठून आला, ते सांगतो. तपास अधिकाऱ्यांनी सौजन्याने मला मूळ चिठ्ठी पाहू दिली. पुलाजवळ फळांची हातगाडी लावणाऱ्या एका गृहस्थांनी पळून जाणाऱ्या गाडीचा क्रमांक पावतीच्या कोऱ्या पाठीवर बॉलपेनने लिहून ठेवला होता. त्यांनी आकडे मराठीत लिहिले आहेत. शेवटच्या चार आकड्यांतला दुसरा आकडा ठाण्यातल्या नोंदीत १ असा घेतला गेला आहे आणि त्यामुळे तो क्रमांक माझ्या गाडीचा ठरतो. पण चिठ्ठीवर त्या आकड्याची शेपटी खाली जाऊन डावीकडे वळलेली आहे आणि वर, पोटाजवळ, एक बारीक गाठ आहे. मला तो ९ वाटतो. त्याच चिठ्ठीत आणखी एक नि:संशय १ आहे आणि त्याला अशी गाठ नाही. घाईत लिहिलेल्या मराठी १ आणि ९ मध्ये किती थोडा फरक उरतो, हे ज्याने शाळेत पाढे लिहिले आहेत त्याला सांगायला नको. गाडी पांढरी होती, एवढेच दुसरे वर्णन फिर्यादीत आहे, आणि माझीही गाडी पांढरी आहे.

आणखी एक अडचण आहे. माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यावर ओरखडा आहे. तो मार्च महिन्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबाला घासून पडला आणि त्यात खांबाचा पिवळा रंग अजून भरलेला आहे. दुचाकी लाल होती. खांबाला गाडी लागल्याचे छायाचित्र सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर मार्चमधल्या तारखेनिशी आहे. गाडी आता रंगवून घ्यावी का, असे घरचे विचारतात. मी तिला हातही लावलेला नाही.

विम्याचे नूतनीकरण १८ दिवसांवर आले आहे. आमच्या विमा प्रतिनिधींनी पाठवलेल्या नव्या आकडेवारीत माझा ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, शून्य झाला आहे. "तुमच्यावर क्लेम आहे, त्याला इलाज नाही," असे ते सांगतात. त्यांनी एक कोरा क्लेम फॉर्मही पाठवला असून, "सही करून द्या, पुढचे कंपनी पाहून घेईल," असा त्यांचा आग्रह आहे. मला ही सही करणे योग्य वाटत नाही, पण सहकार्य केले नाही असा ठपकाही नको आहे.

शेवटची गोष्ट लिहिताना मला जड जाते. परवा त्या जखमी तरुणाच्या वडिलांचा फोन आला. ते भांडले नाहीत. मुलाच्या पायात सळई घातली आहे, तो हंगामी कामावर होता आणि आता घरी बसून आहे, एवढेच त्यांनी सांगितले. मी त्यांना काय म्हणायला हवे होते? माझे नाव यातून निघावे ही माझी इच्छा आहेच, पण त्या मुलाचा दावा माझ्या गाडीबरोबर बुडावा असे मला मुळीच वाटत नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र साधण्याचा मार्ग कोणास ठाऊक असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

आपला धागा दोनदा वाचला. मी सर्वसाधारण विम्याच्या दावा विभागात बरीच वर्षे काम केले आहे, त्या अनुभवावर लिहितो.

क्लेम फॉर्मवर सही करू नका. तो फॉर्म "माझ्या गाडीला अमुक ठिकाणी अपघात झाला" असेच सांगण्यासाठी असतो आणि सही केल्यावर तोच कागद आपल्या विरुद्ध वाचला जाईल. त्याऐवजी साध्या कागदावर पत्र लिहा : आपले पत्र मिळाले, त्यात वर्णन केलेल्या अपघातात माझे वाहन नव्हते, त्या वेळी ते कोठे होते याचे पुरावे सोबत जोडले आहेत, आणि तपासात मी पूर्ण सहकार्य करीन. सोबत परवाना आणि नोंदणी प्रमाणपत्राच्या प्रती द्या व दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. विमा कंपनीला तातडीने लेखी कळवणे ही पॉलिसीची अट आहे, आणि कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कोणतीही जबाबदारी मान्य न करणे हीसुद्धा अटच आहे. या पत्राने दोन्ही अटी पाळल्या जातात.

पुढे त्या रस्त्याने गेल्याचे जबाबात अवश्य सांगा. आपला फास्टॅगचा पुरावाच आपण त्या दिशेने येत होता हे दाखवतो. मग ते वाक्य आपण गाळले आणि दुसऱ्या कोणी पुढे आणले, तर आपल्या खऱ्या गोष्टींवरही संशय येईल. मात्र मोबाइलवरच्या संदेशाच्या वेळेवर विसंबू नका, कारण संदेश उशिराही येतात. ज्या बँकेचा फास्टॅग आहे तिच्याकडून खात्याचा उतारा घ्या आणि नाक्यावर टॅग वाचला गेल्याची वेळ त्यात आहे ना, ते पाहा.

खरी कमकुवत जागा दुसरीकडे आहे. फिर्यादीत "सुमारास" हा शब्द आहे. अपघात ८ वाजता झाला असे उद्या कोणी म्हणाले, तर आपला टोलनाका निरुपयोगी ठरेल. म्हणून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला पहिला फोन किती वाजता गेला आणि रुग्णालयात जखमीची नोंद किती वाजता झाली, हे तपासावे अशी लेखी विनंती तपास अधिकाऱ्यांकडे करा. त्याच अर्जात मूळ चिठ्ठी जपून ठेवावी आणि दुसरा आकडा ९ धरून येणारा क्रमांक वाहन नोंदणीच्या अभिलेखात पाहावा, असेही लिहा. ती गाडी पांढरी मोटार निघाली, तर तपासाला दिशा मिळेल. ती ट्रॅक्टर निघाली, तर आपला तर्क चुकला हेही कळेल.

गाडी रंगवू नका, त्या कोपऱ्याला पॉलिशही लावू नका. मोटार वाहन निरीक्षकाकडून गाडीची तपासणी लवकर व्हावी, असे आपणच मागा. ओरखड्यातला पिवळा रंग आणि लाल रंगाचा अभाव त्या अहवालात येऊ द्या.

हे सगळे याच आठवड्यात करण्याचे कारण असे की, मोटार वाहन कायद्याच्या कलम १५९ नुसार पोलिसांना तीन महिन्यांच्या आत अपघाताचा अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो आणि न्यायाधिकरण तो अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून हाताळू शकते. त्यात आपला क्रमांक गेला, तर शिवाजीनगरला न्यायालयात उभे राहून तो खोडून काढावा लागेल. तशी नोटीस आलीच, तर कंपनी लढेल असे समजून घरी बसू नका. वकिलामार्फत हजर राहून आपले लेखी म्हणणे द्या.

बोनसबाबत आपल्या प्रतिनिधींचे म्हणणे चूक आहे. नो क्लेम बोनस हा ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, भागाच्या हप्त्यावर मिळतो आणि आपण त्या भागात काही मागितलेले नाही. केवळ त्रयस्थ पक्षाच्या दाव्याने तो जात नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना लिहा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत विमा लोकपालांचे कार्यालय आहे. तिथे शुल्क नाही आणि वकील लागत नाही. पण वाद चालू आहे म्हणून पॉलिसी संपू देऊ नका. मुदत संपून ९० दिवस उलटले तर बोनस खरोखरच जाईल.

प्रतिसाद २

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझ्या धाकट्या भावाला ट्रकने उडवले, तेव्हा नोंदीत क्रमांक चुकीचा लागला. त्या मालकाने आपली गाडी त्या दिवशी दुसऱ्या जिल्ह्यात होती हे न्यायालयात सिद्ध केले, पण तोपर्यंत दोन वर्षे गेली होती आणि खऱ्या गाडीचा माग काढण्यासारखे काहीही उरले नव्हते. त्या गृहस्थांनी पहिल्याच महिन्यात आम्हाला पुराव्यासह सांगितले असते, तर आम्ही त्यांचे उपकार मानले असते.

म्हणून त्या वडिलांना फोन करा. पैशांची गोष्ट काढू नका, पण चिठ्ठीतल्या आकड्याविषयी मोकळेपणाने सांगा आणि त्यांनीही वकिलाकरवी तसाच अर्ज द्यावा असे सुचवा. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करावा, अशी तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली आहे, त्यामुळे त्यांनाही वेळ दवडून चालणार नाही. गाडी सापडलीच नाही, तर हिट अँड रन योजनेत गंभीर जखमीला ५०,००० रुपये मिळतात आणि त्याचा अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे होतो. रक्कम थोडी आहे, पण अनेक कुटुंबांना ती माहीतच नसते.

धागालेखकाचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. काल विमा कंपनीला पत्र दिले, पोच घेतली आणि क्लेम फॉर्म कोराच परत केला. पोलीस ठाण्यात अर्ज दिला असून, आम्ही त्या रस्त्याने नंतर गेलो आणि गर्दी पाहिली हे जबाबात सांगितले. तपास अधिकाऱ्यांनी ते शांतपणे लिहून घेतले आणि गर्दी पाहिली तेव्हा रुग्णवाहिका तिथे होती का, असे विचारले. मला आठवेना. पत्नीला मात्र आठवते की रुग्णवाहिका नव्हती, रस्त्यावर फक्त आडवी पडलेली दुचाकी होती आणि एक माणूस गाड्यांना हात दाखवत होता. उद्या तीही जबाब देणार आहे. गाडीची तपासणी गुरुवारी ठरली आहे.

त्या वडिलांशी संध्याकाळी बोललो. चिठ्ठी त्यांनी पाहिलेली नव्हती. उद्या ते माझ्याबरोबर ठाण्यात येणार आहेत. तो आकडा त्या फळविक्रेत्यांनाच पुन्हा दाखवून त्यांचा पुरवणी जबाब नोंदवून घ्यावा, अशी विनंती आम्ही दोघांनी मिळून एकाच अर्जात करावी की वेगवेगळी, हे कोणी सांगू शकल्यास आज रात्रीपर्यंत कृपया लिहावे.