कोरलचा रंग: महागडा एलईडी की पाणी?

मुठाकाठ
काल घरच्या समुद्री टाक्यांच्या या ग्रुपवर एकांनी लिहिलं, ‘झोआ (बटणांसारखी छोटी कोरल) तपकिरी पडले म्हणजे लाइट टाकाऊ. पन्नास हजारांचा निळा एलईडी लावा, आठवड्यात रंग येतो.’ वाचून गप्प बसवेना. असल्या सल्ल्यापायी नवी मुलं खिसा रिकामा करतात आणि पुढे कंटाळून टाकी विकायला काढतात.

तपकिरी रंग लाइटचा नाही, कोरलच्या पेशींत राहणाऱ्या झूझँथेली या सूक्ष्म शैवालांचा. पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट साठलं की त्या बेसुमार वाढतात आणि कोरलचा स्वतःचा रंग झाकला जातो. मग वर कितीही वॉट टांगा. उलट दोन्ही शून्यावर नेलंत तर कोरल फिकट पडतं. माझ्या टाकीत नायट्रेट ५ पीपीएम आणि फॉस्फेट ०.०५च्या आसपास ठेवतो, लाइट साधाच आहे, रंग उत्तम आहेत.

शिवाय दगडी कोरल २००१ सालीच वन्यजीव कायद्याच्या संरक्षित यादीत गेली. आपण पाळायची ती झोआ, मशरूम, लेदर अशी दगडी सांगाडा नसलेली कोरल. त्यांना ५० ते १५० पार (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाशाचं माप) पुष्कळ झाला. परदेशी व्हिडिओतले ३५०चे आकडे अ‍ॅक्रोपोरासारख्या दगडी कोरलसाठी असतात, ते इथे कशाला?

आणि दुकानात कोरल घेताना लाइटचा पांढरा चॅनल (पांढरे दिवे) लावायला सांगा. निळ्याखाली हिरवंगार पेटलेलं मशरूम पांढऱ्यात मातकट निघतं.

निळीपट्टी
साहेब, निम्मंच सांगितलंत. निळ्याखाली दिसतो तो रंग खोटा कसा? ती फ्लुओरेसंट प्रथिनं कोरलनेच बनवलेली असतात. जगभरच्या प्रयोगशाळा वापरतात ते लाल प्रथिन १९९९ साली डिस्कोसोमात सापडलं, म्हणजे तुमच्या टाकीतल्या मशरूमच्याच जातकुळीत. निळा प्रकाश मिळाला की कोरल ही रंगद्रव्यं जास्त बनवतं, असं २००८च्या संशोधनात दाखवलंय. ते दगडी कोरलवर होतं हे खरं, पण म्हणून प्रकाशाचा संबंधच नाही असं होत नाही.

आमच्याकडे ट्यूबखाली झोआ माना लांब करून वर ताणले जायचे. ४२० ते ४६० नॅनोमीटरचा जांभळा-निळा लाइट लावला, पाणी तेच ठेवलं, तरी झोआ आखूड झाले आणि केशरी कडा उठून आली. स्वस्त पट्ट्यांत ४२०चे दिवे नसतातच, नुसते ४५० आणि कूल व्हाइट.

मुठाकाठ
तरंगलांबी लागते, मान्य. पन्नास हजार लागत नाहीत. आणि नवा लाइट पहिल्याच दिवशी शंभर टक्क्यांवर टाकला की कोरल झूझँथेली बाहेर फेकतं आणि पांढरं पडतं, हे त्या सल्ल्यात का नव्हतं? वीस-तीस टक्क्यांपासून हळूहळू चढवायचं असतं.

उंड्रीची टाकी
पाण्यावर बोलताय तर टॉप-अपचं, म्हणजे आटलेलं पाणी भरण्याचं बोला! बाष्प होऊन पाणी जातं, क्षार मागेच राहतात. आमच्याकडे टँकर येतो, तो बोअरचा. तेच पाणी वरून ओतत राहिलं की सिलिकेट साठतं आणि वाळूवर डायटम या तपकिरी शेवाळाची साय धरते. लोक त्यालाही लाइटचा दोष म्हणतात! आरओ-डीआय फिल्टर घ्या, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य येतोय का बघा, मग लाइटवर भांडा.

गॅलरीतला
ताई, तुमचा आरओ एका लिटरमागे तीन-चार लिटर मोरीत सोडतो. आमच्या सोसायटीत एप्रिलपासून टँकर सुरू होतात आणि बिल सगळ्यांच्या मेंटेनन्समधून जातं. छंद एकाचा, भुर्दंड ऐंशी फ्लॅटना. गुरुवारी पाणी बंद असतं तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या आजी बादल्या भरून ठेवतात, हे डोळ्यांनी बघतोय मी.

उंड्रीची टाकी
मोरीत? रिजेक्ट पाणी ड्रममध्ये धरते मी. फरशी, फ्लश, बाथरूम, सगळं त्यातच होतं. तुमच्या पार्किंगमध्ये पाइप सोडून गाड्या धुतात, त्यांना कधी असं सुनावलंत का? घराघरात पिण्याचा आरओ आहे, त्याचं रिजेक्ट कुठे जातं? कोणी मासे पाळले की लगेच चैन!

गॅलरीतला
पिणं आणि छंद एका तागडीत घालू नका. पंखे लावून टाकी थंड ठेवणारे उन्हाळ्यात रोज किती टॉप-अप करतात, मोजा एकदा.

निळीपट्टी
इथेच लाइटचा मुद्दा परत येतो. जुना मेटल हॅलाइड दिवा खालचं पाणी तापवायचा, एलईडीची बरीचशी उष्णता वर हीटसिंककडे जाते. पाणी कमी तापलं की पंखे कमी, बाष्प कमी, आरओही कमी चालतो. पुण्यात पारा चाळिशीला टेकला की टाकी २६ अंशांवर ठेवणं किती जड जातं, ते पाळणाऱ्यालाच कळतं.

मुठाकाठ
बरं, हा मुद्दा नाइलाजाने मान्य करतो. ४२०चाही. पण ‘आठवड्यात रंग येतो’ हे मानणार नाही. लाइट घेण्याआधी नायट्रेट-फॉस्फेटची टेस्ट करा आणि पार मीटर कुणाकडून तरी मागून आणा. जुनी मीटर निळा प्रकाश कमी दाखवतात, म्हणून आकडा बघून लाइट आणखी वाढवू नका.

गॅलरीतला
आणि पाण्याचं काय? त्यावर कोणीच बोललं नाही.

उंड्रीची टाकी
तुमच्या सोसायटीच्या बैठकीत फ्लॅटनिहाय मीटरचा विषय काढा, आमच्याकडे मी काढते. माझ्या आरओचं जे होईल ते मी भरीन. गाड्या धुणाऱ्यांचंही मोजा मात्र.