मदत हवी: जुलैपासून विशेष भत्ता वाढला, पीएफ-ईएसआय कशावर कापायचं?

धागाकर्ता: चाकणजवळ 24 कामगारांचं वर्कशॉप आहे. जुलै ते डिसेंबरच्या विशेष भत्त्याचं परिपत्रक हाती आलं तोवर जुलैचे पगार वाटून झाले होते. सोयीसाठी आकडे गोल करतो: अकुशल कामगाराचं मूळ वेतन 11,500, विशेष भत्ता 2,100 वरून 2,400.
वाढीव 300 'इतर भत्ता' म्हणून दाखवा, पीएफ वाचेल, असं मालक म्हणतायत. चालेल का? शिवाय एक फिटर ऑगस्टपासून 20,600 वरून 21,400 वर जातोय, त्याचं ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) बंद करू का? प्रोफेशनल टॅक्सचं काय?

हजेरीपट: नाही चालणार. विशेष भत्ता म्हणजे महागाई भत्ताच, नाव बदलून तो पीएफमधून सुटत नाही. सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता पीएफसाठी धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2019 मध्येच स्पष्ट केलंय. शिवाय किमान वेतनाच्या तपासणीत तुमचाच पगारपत्रक तक्ता दाखवेल की विशेष भत्ता 2,100 वरच अडकलाय. वाचवणार किती, तर माणशी 36 रुपये!

हिशेब असा: मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून 13,900, त्याचे 12% = 1,668 कामगाराचे. मालकाचे तेवढेच, त्यातून 13,900 चे 8.33% म्हणजे 1,158 पेन्शनला, उरलेले 510 पीएफला. ईएसआय 0.75% म्हणजे 104.25, पण तिथे अपूर्णांक वरच्या रुपयात जातो, म्हणून 105. मालकाचे 3.25% म्हणजे 452. एक्सेलमध्ये साधं राउंड लावलं की 104 येतात आणि चलन जुळत नाही. राउंडअप लावा.

जुलैचा 300 फरक ऑगस्टच्या पगारात वेगळ्या रकान्यात द्या, त्यावर पीएफही भरा. दर सहामाहीला हे होणारच: मागच्या सहा महिन्यांच्या महागाई निर्देशांकाची सरासरी लागते आणि जूनचा आकडा जुलैअखेर येतो. जानेवारीतही तीच गत.

चलनवाला: फिटरचं ईएसआय आत्ता थांबवू नका. अंशदान (वर्गणी) कालावधी एप्रिल-सप्टेंबर आणि ऑक्टोबर-मार्च. मध्येच ईएसआयची 21,000 ची पगारमर्यादा ओलांडली तरी 30 सप्टेंबरपर्यंत कपात चालू, तीही पूर्ण 21,400 वर: कामगाराचे 161 आणि मालकाचे 696. पुष्कळ जण 21,000 वरच कापून थांबतात, ते चूक. 1 ऑक्टोबरपासून बाहेर.

त्याचा पीएफ मात्र सुटत नाही. एकदा सभासद झालेला माणूस पीएफच्या 15,000 च्या पगारमर्यादेवर गेला तरी सभासदच राहतो. कपात 15,000 पुरती मर्यादित ठेवता येते, म्हणजे 1,800. पेन्शनचा वाटा 1,250 च्या वर जात नाही.

प्रोफेशनल टॅक्सला 300 ने काही फरक नाही: पुरुषांना 10,000 च्या वर 200, फेब्रुवारीत 300. महिलांना 25,000 पर्यंत शून्य.

धागाकर्ता: आभार. किमान वेतनासाठी परिमंडळ (झोन) कुठलं धरू? चाकणला दोघांनी दोन सांगितली.

हजेरीपट: प्रत्येक उद्योगाच्या अधिसूचनेत परिमंडळाची व्याख्या वेगळी असते, म्हणून दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतील. इंजिनिअरिंगची मूळ अधिसूचना काढून वाचा. नुसत्या भत्त्याच्या तक्त्यावरून ठरवू नका. पीएफ आणि ईएसआय, दोन्ही चलनं 15 तारखेच्या आत.