कॅलगरीत लेकीच्या कुंडीतल्या लिंबाची पानं गळताहेत, काय करावं?

डिचोलीकरीण

नमस्कार मंडळी. माझी मुलगी कॅनडात कॅलगरीला असते. तळलेल्या बांगड्यावर पिळायला घरचं लिंबू हवं, हा तिचा लहानपणापासूनचा हट्ट. म्हणून गेल्या उन्हाळ्यात तिने तिथल्या नर्सरीतून मेयर लिंबाचं कलम आणलं. कमरेएवढं आहे. सप्टेंबरपर्यंत गॅलरीत होतं तेव्हा चांगलं तरारलं होतं, नवी पालवी फुटली की लगेच फोनवर दाखवायची. थंडी पडल्यावर घरात घेतलं.

आता जानेवारीत बाहेर उणे 25 आणि घरात हीटरमुळे 21-22 अंश. पानं गळायला लागली आहेत. आधी पिवळी पडून गळतात असंही नाही, हिरवीच पानं हात लावला की खाली येतात. दक्षिणेची खिडकी आहे, दुपारी छान ऊन येतं. कुंडी खिडकीच्या काचेला लागून फरशीवर ठेवली आहे. रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी ती नळाचं पाणी घालते.

आमच्या परसात कागदी लिंबाचं झाड आहे, पण त्याला असलं दुखणं कधी झालेलं नाही, त्यामुळे मला काही सुचत नाहीये. पोर रडकुंडीला आली आहे. खत घालायला सांगू का? कुंडी बदलायची का? आणि चवथीला ती घरी येणार आहे, तेव्हा आमच्या झाडाचं रोप किंवा बिया सोबत दिल्या तर चालेल का?

पेडण्याचा भाटकार

पानं गळतात म्हणजे झाडाच्या पोटाला कमी पडतंय. कुजलेलं शेणखत दोन मुठी आणि पाणी थोडं वाढवा. आमच्या भाटातल्या लिंबांना मे महिन्यात आळं करून भरपूर पाणी देतो, लगेच फुटवे येतात.

फोंड्याची मावशी

थांबा हं! पाणी वाढवू नका आणि खत तर आत्ता मुळीच नको. भाटकारदादांचा उपाय पेडण्यात शंभर टक्के बरोबर आहे, पण कॅलगरीच्या जानेवारीत त्याने झाड जाईल. मी कॅलगरीतच संसार केला आणि निवृत्तीनंतर फोंड्याला परत आले. तिथल्या घरात माझी लिंबाची दोन झाडं होती, येताना ती शेजारणीला देऊन आले. त्या झाडांना अजून फळं धरतात. त्यामुळे हे सगळं हातचं सांगते आहे.

पानं का गळतात ते आधी समजून घ्या, म्हणजे मुलीलाही समजावता येईल. हिवाळ्यात तिथे सूर्य खूप खाली असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट आत शिरतं आणि पानं तापतात. तापलेल्या पानांतून पाणी उडू लागतं. ते भरून काढायचं काम मुळांचं. पण कुंडी फरशीवर, काचेला टेकून. खोलीत 21 अंश असले तरी त्या कोपऱ्यात, जमिनीलगत, मातीचं तापमान फार खाली गेलेलं असतं. लिंबाच्या जातीच्या झाडांची मुळं साधारण 12-13 अंशांच्या खाली जवळजवळ काम थांबवतात. वर पानं पाणी मागताहेत आणि खाली मुळं ते उचलू शकत नाहीत, मग झाड पानं टाकून मोकळं होतं. माती ओली असूनही झाड तहानलेलं असतं. हे बघून माणूस आणखी पाणी घालतो, गार मातीत ते तसंच साचून राहतं आणि मुळं कुजतात. हिवाळ्यात घरातली लिंबं मरतात ती बहुतेक अशी, बाहेरच्या उणे पंचवीसने नव्हे.

मुलीकडे स्वयंपाकघरात मांस शिजलं का बघायचा काट्याचा थर्मामीटर असेल. तिथे बहुतेक घरांत असतो. तो सकाळी कुंडीच्या मातीत चार बोटं खोल खुपसायला सांगा आणि आकडा मला कळवा. तसंच एका डहाळीची साल नखाने किंचित खरवडायला सांगा. आतून हिरवी दिसली तर डहाळी जिवंत आहे, तपकिरी आणि कोरडी असेल तर ती गेली. टोकाकडून बुंध्याकडे येत येत बघायचं.

कुंडी बदलू नका. आजारी झाडाची मुळं हिवाळ्यात हलवायची नसतात.

डिचोलीकरीण

मावशी, तुमचं वाचून आत्ताच फोन केला. तिच्याकडे तसा थर्मामीटर आहे. माती 10 अंश निघाली! तिचा विश्वासच बसेना, दोनदा बघितलं. डहाळ्यांची टोकं तपकिरी आहेत पण वीतभर खाली आलं की आत हिरवी आहेत. बशीत पाणी साचलेलं होतं, ते ओतून टाकलं. आता पुढे काय?

फोंड्याची मावशी

10 अंश म्हणजे मग तेच. झाड वाचेल, आत हिरवं आहे ना, काळजी करू नका.

पहिली गोष्ट, कुंडी जमिनीवरून उचलायची. लाकडी स्टूल असेल तर उत्तम, नाहीतर खाली जाड थर्माकोल आणि त्यावर पाट. काचेपासून हातभर आत. रोपं रुजवायला तिथे विजेची गरम चटई मिळते, ती कुंडीखाली घातली तर फार बरं. माती 18-20 अंशांवर राहिली की पुरे, त्याहून तापवायची गरज नाही.

दुसरी, पाणी. रोजचं पाणी आजपासून बंद. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायची, आत कोरडं लागलं तरच घालायचं. घालायचं तेव्हा मात्र खालच्या भोकांतून वाहीपर्यंत, आणि बशी लगेच रिकामी करायची. पाणी कोमट, म्हणजे मनगटावर गार लागू नये इतपत. कॅलगरीचा नळ जानेवारीत बर्फासारखा असतो, ते पाणी थेट घातलं की मुळं पुन्हा गारठली. पानं कमी झाली म्हणजे झाडाची तहानही कमी झाली, हे लक्षात ठेवायला सांगा. आठवडा-दहा दिवस पाणी लागलं नाही तरी घाबरायचं नाही.

तिसरी, उजेड, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी हीच. डिसेंबरच्या शेवटी तिथे दिवस जेमतेम आठ तासांचा. खिडकीतला उजेड आपल्या डोळ्याला भरपूर वाटतो, पण डोळा फसतो. काचेच्या आत, त्यातून खोलीत हातभर मागे, झाडाला बाहेरच्या उजेडाचा लहानसा हिस्सा मिळतो. रोपांसाठीचा पांढऱ्या प्रकाशाचा एलईडी दिवा शेंड्यापासून फूटभर वर टांगायचा आणि टायमर लावून रोज बारा-चौदा तास चालू ठेवायचा. मग झाड खिडकीपासून लांब असलं तरी हरकत नाही. माझी झाडं मी पुढेपुढे दिवाणखान्याच्या आतल्या भिंतीशीच ठेवत होते.

एक सांगते, कारण हे मला फार आवडतं. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात 1684 ते 1686 मध्ये बांधलेलं ओरांजेरी आहे, लाकडी पेट्यांत लावलेल्या संत्र्या-लिंबांना हिवाळ्यात ठेवायचा प्रचंड दगडी हॉल. भिंती जाड, तोंड दक्षिणेला. थंडीत झाडं आत, मे ते ऑक्टोबर बाहेर. आत उकाडा नसतो, फक्त गोठणार नाही इतकं राखतात. झाडं निजलेली असतात, पाणी अगदी कमी लागतं. म्हणजे दोनच रस्ते आहेत: सगळंच गार आणि मंद ठेवून झाडाला झोपवायचं, नाहीतर मुळं ऊबदार, उजेड भरपूर ठेवून जागं ठेवायचं. वरून ऊन आणि खाली गारठा, हा मधला प्रकार लिंबाला सोसत नाही. फ्लॅटमध्ये गार खोली कुठून आणणार, म्हणून तुमच्या मुलीसाठी दुसरा रस्ता.

मेलेली टोकं आत्ता छाटू नका. मार्च-एप्रिलात फूट आली की जिवंत डोळ्याच्या वर कापायचं. आणि कलमाच्या जोडाखालून फुटवा आला, त्याला बेलासारखी तीन-तीन पानं असली, तर तो खुंटाचा, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलंय त्याचा, समजून लगेच मोडायचा. तिथे कलमं बऱ्याचदा तशा त्रिदली खुंटावर बांधतात. तो फुटवा वाढू दिला तर वरचं मेयर उपाशी राहतं.

पेडण्याचा भाटकार

मावशी, हे माहीत नव्हतं. आमच्याकडे माती दहा अंशांवर गेलेली पाहायला कोण जगलंय! माझा शेणखताचा सल्ला रद्द समजा.

कुळागर सावईवेरें

मी कृषी पदवीधर आहे, घरचं कुळागर बघतो. मावशींनी मूळ मुद्दा सांगितलाच आहे, मी बियांचं आणि पानांच्या रंगाचं तेवढं लिहितो.

ताई, रोप, फांदी किंवा माती सोबत देऊ नका. परवानगीशिवाय ते नेता येत नाही, विमानतळावर काढून घेतात. हे नियम उगाच नाहीत. लिंबूवर्गीय झाडांचा ग्रीनिंग नावाचा रोग सिला नावाच्या रस शोषणाऱ्या बारीक किडीमुळे पसरतो, आणि तीच कीड कढीपत्त्यावरही वाढते. लिंबू, कढीपत्ता, बेल ही सगळी एकाच कुळातली. बियांचंही मुलीने आधी तिथल्या सरकारी खात्याला विचारून घ्यावं. पण मला विचाराल तर बियांच्या नादाला लागूच नका. कागदी लिंबाची बहुतेक रोपं बीपासूनही आईसारखीच निघतात हे खरं, पण फळ धरायला कित्येक वर्षं जातात, काटे भरपूर, आणि थंडीला कागदी लिंबू मेयरपेक्षा फार नाजूक. मेयर हे फ्रँक मेयर यांनी 1908 साली चीनहून अमेरिकेत नेलेलं संकरित झाड. तिकडे ते मुळात कुंडीतच लावत. घरात ठेवायला त्याच्याइतकं सोशिक लिंबू थोडंच. आंबटपणा कागदीहून कमी असतो, सालीला सुंदर वास असतो.

आता रंग. झाड सावरलं की नव्या पानांकडे लक्ष ठेवा. कोवळं पान पिवळं आणि शिरा मात्र हिरव्या जाळीसारख्या, असं दिसलं तर लोह कमी पडतंय. कॅलगरीचं पाणी रॉकी पर्वतातल्या चुनखडीवरून येतं, जड असतं. तेच पाणी घालत राहिलं की कुंडीतली माती हळूहळू अल्कधर्मी होते आणि मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. लिंबाला किंचित आम्ल माती लागते, सामू (pH) साधारण 5.5 ते 6.5. आपल्या जांभ्याच्या जमिनीत आम्लताही आहे आणि लोहही, म्हणून डिचोलीच्या झाडावर ताईंनी हे कधी पाहिलं नसणार. उपाय म्हणजे चिलेटेड लोह, म्हणजे अशा मातीतही झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह, आणि जमेल तेव्हा नळाऐवजी कमी क्षारांचं मऊ पाणी. उलट खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडली तर नत्र कमी. खत मात्र नवी फूट दिसल्यावरच, तेही अर्ध्या मात्रेने.

फोंड्याची मावशी

मऊ पाण्यासाठी आम्ही बादलीभर स्वच्छ बर्फ घरात आणून वितळवायचो आणि खोलीच्या तापमानाला आला की घालायचो. रस्त्याकडेचा नको, त्यात मीठ असतं. पोरांचं ते आवडतं काम होतं.

आणखी एक. हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी आणि खवले कीड हटकून येते. परसात ढालकिडे (लेडीबर्ड), पाऊस आपोआप बंदोबस्त करतात, घरात झाडाचं कुणी नाही. दर रविवारी पान उलटं करून मधली शीर बघायची. तपकिरी, चपटे, नखाने निघणारे ठिपके असले किंवा खालची फरशी चिकट लागली तर खवले. कापसाचा बोळा रबिंग अल्कोहोलमध्ये बुडवून एकेक पुसायचा. कोळ्यासाठी बाथरूममध्ये नेऊन कोमट पाण्याच्या बारीक फवाऱ्याने पानं खालून धुवायची, त्या वेळी मातीवर प्लास्टिक बांधायचं. घरात फुलं आली तर मधमाशी नसते, तेव्हा मऊ ब्रश या फुलातून त्या फुलात फिरवला तर फळं जास्त धरतात. पुढे बारीक फळं बरीच गळतील, ते झाडाचं रोजचं आहे, फोन करून रडायचं नाही असं सांगा तिला!

बाहेर नेण्याची घाई नको. कॅलगरीत मेअखेरपर्यंत पानं गोठवणारं दहिवर पडू शकतं. जूनमध्ये बाहेर काढायचं, पहिले आठ-दहा दिवस सावलीत, मग सकाळचं ऊन, मग पूर्ण. घरात वाढलेली पानं एकदम उन्हात ठेवली की भाजून पांढरी पडतात. सप्टेंबरात रात्रीचा गारठा वाढायला लागला की परत आत.

डिचोलीकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडी बातमी देते. कुंडी स्टुलावर गेली, खाली चटई आली, जावयाने दिवा टांगला. माती आता 19 अंश आहे. पानगळ लगेच थांबली नाही, आठवडाभर चालूच होती, त्या वेळी मावशींचं लिहिणं तिला वाचून दाखवलं म्हणून ती पाण्याचा तांब्या घेऊन धावली नाही. काल फोनवर बुंध्याजवळचे दोन डोळे दाखवले, फुगले आहेत, मोहरीएवढे, जोडाच्या वरच आहेत. तिच्याकडे कढीपत्त्याची कुंडीही आहे, ती अजून काचेजवळ खालीच आहे. तिलाही हेच करायचं का?

फोंड्याची मावशी

हो, तिलाही उचला. पण कढीपत्ता थंडीत पानं टाकून नुसती काडी झाला तरी मेला असं नाही, पाणी आणखी कमी करून वाट बघायची. आणि दोन्ही कुंड्या एकमेकींना टेकवून ठेवू नका, खवले एकावरून दुसऱ्यावर जातात. डोळे फुगले म्हणजे दोन-तीन आठवड्यांत पालवी दिसेल. कोवळी फूट चार बोटं झाली की कुळागरवाल्यांनी सांगितलेली अर्धी मात्रा सुरू करा, आणि पहिल्या पानांचा रंग इथे कळवा.