टेंपो, डुक्कर आणि वडाप

छोट्या मालवाहू गाडीला आपण 'टेंपो' म्हणतो, तो शब्द संगीतातल्या लयीवरून आला, असं काही जण सांगतात. तितकं सरळ नाही ते. 'टेंपो' हे मुळात हँबर्गच्या विडाल आणि सोन या जर्मन कंपनीचं ब्रँडनेम. जर्मनमध्ये टेंपो म्हणजे वेग. इटालियन मूळ एकच, त्यामुळे लयीशी नातं आहे, पण चुलत घराण्यातलं!

या कंपनीची हान्सेआट नावाची तीनचाकी १९५८ पासून बजाज टेंपोने आपल्याकडे बनवायला घेतली आणि नाव गाडीला चिकटलं ते कायमचं. पुढे एकच चाक, इंजिन त्याच्याच डोक्यावर आणि त्यावर लांबुडकं बॉनेट. ते नाकाड बघूनच लोकांनी तिला 'डुक्कर' म्हणायला सुरुवात केली असणार. बारसं करण्यात आपल्या लोकांचा हात कोण धरणार?

गंमत म्हणजे बजाज टेंपो कंपनीने २००५ मध्ये स्वतःचं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, पण लोकांच्या तोंडचा टेंपो काही गेला नाही. आज कुठल्याही कंपनीचं छोटं मालवाहू वाहन टेंपोच. लखनौकडे तर 'विक्रम' नावाच्या मोठ्या तीनचाकी रिक्षालाही टेंपो म्हणतात.

आणि हो, गाड्यांच्या अशा बोली नावांच्या यादीत कुणी 'वडाप' घालत असेल, तर ते काढा. सातारा-कोल्हापूरकडे वडाप हे गाडीचं नाव नाही, शेअर पद्धतीने माणसं भरून नेण्याचं आहे. जीप असो की टमटम, सीटं भरली की वडाप सुटतं.