काळ्या जमिनीतील शेततळे: अस्तर घालावे का, आणि पाणी कोणत्या पिकाला पुरेल?

प्रश्न (रामबाग, इंदूर)

सर्वांना नमस्कार. सांवेर तहसिलीत आमची वडिलोपार्जित ३ हेक्टर जमीन आहे. खरिपात सोयाबीन आणि रब्बीत गहू व थोडा डॉलर हरभरा घेतला जातो. बोअर दिवाळीपर्यंत बरा चालतो, पुढे मात्र तासाभरातच पाणी तुटते, आणि गव्हाला नेमकी तेव्हाच गरज असते. आणखी खोल बोअर घ्यावा असे आमच्या चुलत बंधूंचे मत आहे, तर पावसाचे पाणी शेततळ्यात साठवावे असे मला वाटते. जमीन काळी असून आठ-नऊ फुटांखाली मुरूम लागतो. नाशिककडचे नातेवाईक सांगतात की प्लास्टिकच्या अस्तराशिवाय तळ्यात पाणी टिकत नाही. इकडे तर बिनअस्तराची तळी सर्रास दिसतात. तरी अस्तर घालावे का, तळे केवढे असावे आणि त्यावर गहू निघेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. बिघ्याचे माप गावोगावी बदलते, म्हणून हिशेब हेक्टरमध्ये दिल्यास बरे.

उत्तर १ (निवृत्त मृदसंधारण कर्मचारी, इंदूर)

आपल्या नातेवाइकांचे म्हणणे त्यांच्या भागापुरते खरे आहे. तेथे पुष्कळ ठिकाणी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी उपसून तळे भरतात आणि त्यावर द्राक्षे-डाळिंबाच्या बागा उन्हाळ्यात जगवतात. विकतच्या विजेने वर काढलेले पाणी पुन्हा जमिनीत मुरू देणे कोणालाच परवडणार नाही. आपल्याला केवळ वाहून जाणारे पाणी धरायचे आहे आणि माघापर्यंत वापरून टाकायचे आहे. माळव्याच्या चिकण काळ्या मातीत एवढे काम अस्तराशिवाय होते.

आपली खरी अडचण मुरमाची आहे. तळे ३ मीटर खोल नेले तर तळाचा शेवटचा अर्धा मीटर मुरमात जाईल आणि पाणी तेथूनच निघून जाईल. तेवढ्या भागावर काळ्या मातीचा साधारण एक फुटाचा थर, ओलावा राखून आणि रोलरने दाबून, दोन-तीन पदरांत बसवावा. खोली कमी करून तळे पसरट करण्याचा मोह टाळावा, कारण बाष्पीभवन पृष्ठभागावरून होते आणि पसरट तळे लवकर आटते.

आता हिशेब. वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर आणि काळ्या मातीला मानवणारा दीडास एक उतार (दीड मीटर आडवे गेल्यावर एक मीटर खोल) धरला, तर सुमारे १,९७० घनमीटर पाणी मावते. आपल्याकडे सरासरी पाऊस ९५० मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यातला पाचवा हिस्सा वाहून आला असे मानले, तरी एका हेक्टरवरून १,९०० घनमीटर मिळतात. तरीही दोन हेक्टरांचा उतार तळ्याकडे असावा. उन्हाळ्यात तडकलेल्या जमिनीच्या भेगा मिटेपर्यंत पहिला पाऊस आतच जिरतो, आणि पाऊसमान कमी झालेल्या वर्षी एका हेक्टरवर तळे भरत नाही. ऑक्टोबरपासून शंभर दिवस रोज ४ मिलिमीटर पाणी उडाले असे धरले, तर तीनशेहून अधिक घनमीटर त्यात जातात. थोडा पाझर वजा करता हाती पंधराशे उरतात. एका हेक्टरला पाण्याची ५ सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे ५०० घनमीटर. गव्हाच्या चार-पाच पाळ्या यातून निघणार नाहीत. दीड हेक्टर हरभऱ्याला फुलोऱ्यापूर्वी एक आणि घाटे भरताना एक, अशा दोन पाळ्या मात्र निघतील. गहू हवाच असेल तर तो अर्धा हेक्टरच पेरावा आणि पेरणीनंतर एकविसाव्या दिवसाच्या सुमारास द्यायची पाळी चुकवू नये.

उत्तर २ (देवास)

वरील हिशेबाशी मी सहमत आहे. आमच्या जिल्ह्यातही तळ्यांचाच मार्ग धरला गेला. ज्या देवास शहराला एके काळी रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच जिल्ह्यात २००६ साली तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी भगीरथ कृषक अभियान सुरू केले आणि शेतकऱ्यांनी जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा तळ्यासाठी द्यावा असा आग्रह धरला. सुरुवात मोठ्या शेतकऱ्यांपासून झाली, कारण बोअरवर सर्वाधिक पैसा तेच घालत होते. पुढे मध्य प्रदेश शासनाची शेततळ्यांसाठीची बलराम तालाब योजनाही आली; अनुदानाची चौकशी आपण कृषी विभागाच्या कार्यालयात करावी.

एक गोष्ट मात्र ठासून सांगावीशी वाटते: जादा पाणी बाहेर काढणाऱ्या सांडव्यावर कंजूषी करू नये. आमच्या शेजारच्या तळ्याला सांडवा म्हणून जेमतेम हातभर चर होता. एका रात्रीच्या पावसात पाणी तळ्याभोवतीच्या मातीच्या पाळीवरून गेले आणि सकाळी पाळ मधोमध फुटलेली होती. निव्वळ काळ्या मातीची पाळ वाळून तडकते, म्हणून तिच्या माथ्यावर खोदकामातलाच मुरूम टाकावा. पाणी आत येते तेथे दगड रचावेत आणि त्याआधी गाळ बसण्यासाठी एक लहान खड्डा ठेवावा, म्हणजे दर वर्षी तेवढाच उपसावा लागेल.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. तळ्यामुळे आमच्या बोअरचे पाणी वाढेल, अशीही बंधूंची अपेक्षा आहे. ती बाळगावी का?

उत्तर १

या तळ्याकडून नको. ज्याच्या तळातून पाणी जात नाही, तेच साठवणुकीचे चांगले तळे. भूजल भरायचे तर मुरूम उघडा ठेवावा लागतो, आणि मग रब्बीला तळे रिकामे मिळते. पुनर्भरण करायचेच असेल तर बांधाच्या वरच्या बाजूला मुरमापर्यंत वेगळा खड्डा घ्यावा. शेतातून वाहून आलेले गढूळ, फवारणीचे अंश असलेले पाणी थेट बोअरमध्ये सोडू नये. त्याने बोअर गाळाने बुजतो आणि पिण्याचे पाणीही बिघडते. खोदाई वैशाखात उरकावी, वरची सुपीक माती बाजूला काढून शेतातच पसरावी, आणि गावातली मुले-गुरे तिकडून जात असतील तर पाऊस सुरू होण्याआधी तारेचे कुंपण करून घ्यावे.