१९७४ ची रेसिंग सायकल: रिंगा कुठल्या बसवायच्या?

गारखेडाकर
वडिलांची सायकल माळ्यावरून खाली काढलीय. १९७४ साली ते इंग्लंडात ट्रेनिंगला होते, तिथंच घेतलेली. फ्रेमवरचं रेनॉल्ड्स ५३१ चं स्टिकर अजून वाचता येतं. मागं पाच चकत्यांचं फ्रीव्हील, ब्रेक वाइनमानचे सेंटर-पुल. रंगाला हात लावणार नाही. अडलंय ते चाकांवर. आहेत त्या स्टीलच्या, २७ × १¼ इंची मापाच्या रिंगा. क्रोमचे पापुद्रे निघालेत, निपल फिरवायला जावं तर स्पोकच तुटायलेत. पुढं ३२ भोकं, मागं ४०.

मित्र म्हणतो, सरळ ७०० सी ची (आजच्या रेसिंग सायकलीच्या मापाची) नवी ॲलॉय जोडी टाक. मला वाटतं, सायकल रेसची आहे तर त्या काळच्या ट्यूब्युलर रिंगा (ज्यांवर आत ट्यूब शिवलेला टायर चिकटवतात त्या) शोधाव्यात. तुम्ही काय केलं असतं?

(चाकांसोबत एक पत्र्याचा डबा निघाला. त्यात कोन, छर्रे, वालट्यूबचे तुकडे आणि भोकं पाडलेल्या लोखंडी पट्टीचे दोन छोटे वाकडे तुकडे आहेत. मडगार्डचे असावेत, पण मडगार्डला बसत नाहीत.)

तारीखवार
१९७४ म्हणजे १९७४. मित्राला सांगा, आज जी ७०० सी ची बारीक, जास्त हवेची, वेगळ्या ट्यूबची चाकं दिसतात, त्यांची सुरुवात मॅविकच्या मॉड्यूल ई रिंगेनं आणि मिशलँच्या एलान टायरनं झाली. साल १९७५. त्याआधी रेस म्हटली की रिंगेवर रिम-सिमेंटनं (खास डिंकानं) चिकटवलेला टायर. त्यामुळं ट्यूब्युलरच. फियामे, निसी, मॅविक, सुपर चॅम्पियन, जी मिळेल ती. फक्त चांदीसारखी पॉलिश हवी आणि बाजू चपट्या. काळपट राखाडी ॲनोडाइज्ड रिंगा फुकट मिळाल्या तरी घेऊ नका, त्या ऐंशीच्या दशकातल्या. आपल्याकडं हेमाडपंती देवळाला ऑइलपेंट मारतात ना, तसं दिसतं ते.

सराटा परभणी
झकास. आणि चालवायची कुठं, दिवाणखान्यात?

मी तीन वर्षं ट्यूब्युलर वापरलेत, म्हणून सांगायलोय. आपल्या रस्त्याच्या कडेला बाभळीचे काटे, आणि पाऊस सरला की सराटे. साध्या टायरचं पंक्चर दहा मिनिटांत निघतं. ट्यूब्युलरचं काढायचं तर टायर रिंगेवरून सोलायचा, पोटाची पट्टी उचकटायची, शिवण उसवायची, ट्यूबला ठिगळ लावायचं, पुन्हा शिवायचं, पट्टी चिकटवायची आणि टायर परत रिंगेवर चढवायचा. आमच्या पंक्चरवाल्या मामांना पहिल्यांदा दाखवलं तर म्हणाले, "हे गोधडीवालीकडं न्या." शेवटी आमच्या आजीनंच शिवून दिलं, टाकेही सरळ आले. पण दर आठवड्याला आजीला बसवणार का?

तारीखवार
काटे १९७४ साली पण होते.

सराटा परभणी
होते. म्हणूनच इथं कुणी ट्यूब्युलर चालवत नव्हतं.

उदगीरची
दोघंही रिंग बदलायच्याच गोष्टी करायलेत. आहे त्या रिंगेचं काय?

माझ्या आजोबांचं सायकल दुकान होतं. तासावर भाड्यानं सायकली, आणि संध्याकाळी आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढून घ्यायला चाकांची रांग. त्यामुळं ३२-४० म्हटलं की मला घरचं वाटतं. आपल्या साध्या दूधवाल्या सायकलीला पण पुढं ३२ आणि मागं ४० च स्पोक. ही इंग्रजांचीच रीत, भार मागं जास्त म्हणून. आता ४० भोकांची बारीक ॲलॉय रिंग शोधायला निघालात तर बहुतेक टँडेमच्या (दोघांनी चालवायच्या सायकलीच्या) सामानात हात घालावा लागेल. नाहीतर ३६ ची रिंग घ्यायची म्हणून हब (चाकाचे मधले तुंबे) बदलायचे. मग हब मूळचे नाहीत, रिंगा मूळच्या नाहीत. राहिलं काय?

स्पोक कापून काढा, ते तसेही गेलेत. रिंग आतून तपासा. गंज वरवरचा असेल आणि भोकाच्या कडेला चीर नसेल तर वाळूजला किंवा चिकलठाण्याला प्लेटिंगवाले आहेत, नवं क्रोम करून घ्या. मात्र जोडावर पत्रा पातळ झाला असेल तर रिंग भिंतीला टांगा, रस्त्यावर नेऊ नका.

घाटउतार
ताई, क्रोमवर ब्रेक किती लागतो ते पाहिलंय का? कोरड्यात ठीक. ओल्या क्रोमवरून रबर नुसतं सरकतं. म्हणून तर त्या काळी स्टीलच्या रिंगेसाठी चामडं लावलेले ब्रेक-रबर निघाले होते. दौलताबादचा घाट पहिल्या पावसात एकदा उतरून बघा.

उदगीरची
पहिला पाऊस येऊ द्या आधी. इथं जूनमधे आभाळाकडं बघत बसतो आपण.

घाटउतार
माझं मत मित्राच्या बाजूनं. ७०० सी ची चांदी रंगाची ॲलॉय. २७ इंचीचा टायर जिथं बसतो तो व्यास ६३० मिमी, ७०० सी चा ६२२. म्हणजे ब्रेकचं रबर फक्त ४ मिमी खाली न्यायचं. सेंटर-पुलला सहसा तेवढी जागा असते, आधी मोजा. वजनही उतरतं. आणि टायर कुठल्याही दुकानात मिळतो.

२७ चा टायर मागितला की दुकानदार २७.५ चा काढून देतो, ही गंमत मी भोगलीय. २७.५ चा व्यास ५८४! आकडा मोठा, चाक लहान. टायरच्या बाजूला ३२-६३० असं छापलेलं असेल तरच पैसे द्या.

तारीखवार, तुमच्या शुद्धतेबद्दल एकच सांगतो. १९३४ च्या टूर द फ्रान्समधे आंतोनँ मान्य या फ्रेंच रेसरच्या सायकलीला मॅविकच्या ड्युरालच्या (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या) रिंगा होत्या, आणि कुणाला कळू नये म्हणून त्यांना लाकडाचा रंग दिला होता, असं सांगतात. म्हणजे तुमच्या त्या जुन्या काळातही चाक दिसायचं एक आणि असायचं दुसरं.

तारीखवार
तो जिंकण्यासाठी रंगवत होता. तुम्ही टायर दुकानात मिळतो म्हणून बदलताय. फरक आहे. आणि कडेला आत वळलेला हुक नसलेल्या जुन्या ॲलॉय रिंगेवर तुमचा तो घडीचा, तार नसलेला टायर शंभर पाउंड हवा भरून लावलात तर फटाका ऐकू येईल, तेवढंही सांगत चला लोकांना.

घाटउतार
मान्य. सरळ कडेच्या रिंगेला तारेचा टायर आणि हवा बेतानं.

सराटा परभणी
गारखेडाकर, त्या दोन वाकड्या पट्ट्यांना प्रत्येकी दोन भोकं आहेत का? एकातून पुढच्या हबचा ॲक्सल जाईल एवढं?

गारखेडाकर
हो! आत्ताच लावून पाहिलं. अगदी बरोबर बसतं. काय आहे हे?

सराटा परभणी
मला वाटलंच. हे स्प्रिंट कॅरिअर. इंग्लंडातले क्लबवाले रोजच्या जाड टायरच्या चाकांवर रेसच्या गावापर्यंत सायकल चालवत जायचे, आणि रेसची ट्यूब्युलर चाकं या पट्ट्यांवर, पुढच्या चाकाच्या दोन बाजूंना एकेक, उभी लावून न्यायचे. वरून हँडलला पट्ट्यानं बांधायची. पोचलं की चाकं बदलायची, रेस मारायची, पुन्हा बदलून घरी. वडिलांना विचारा, दुसरी जोडी होती का.

गारखेडाकर
विचारलं. वडील ७६ वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं, म्हणून पट्ट्या हातातच दिल्या. बराच वेळ उलटसुलट केल्या. मग म्हणाले, "हे कुठं ठेवलं होतंस?" जणू मीच लपवलं होतं.

जोडी होती. इकडं येताना दोन्ही आणल्या. ट्यूब्युलरवर वेरूळपर्यंत दोनदा गेले. दुसऱ्या वेळी खुलताबादच्या अलीकडं काटा गेला आणि सायकल ट्रकवर टाकून आणावी लागली. नंतर ती चाकं हैदराबादच्या एका पोराला दिली. विकली का, म्हटलं, तर "दिली" एवढंच म्हणाले. रिंग कुठली होती आठवत नाही, लाल लेबल होतं म्हणतात.

तारीखवार
लाल लेबल! म्हणजे ट्यूब्युलरच. मी म्हणत होतो.

उदगीरची
म्हणजे रोजची चाकं स्टीलचीच होती, आणि तीच घरात राहिली. मी म्हणत होते.

गारखेडाकर
स्टीलच्या रिंगा उद्या चिकलठाण्याला नेतोय, जोड शाबूत आहेत. वडिलांना आता दुसरी जोडीही हवीय, पट्ट्यांवर लावलेली बघायला. चालवायची नाही म्हणतात. कुणाकडं पडून आहेत का ट्यूब्युलर रिंगा? त्या जोडीला हब वेगळेच लागणार, त्यामुळं ३६-३६ चालतील.

सराटा परभणी
माझी ती जोडी घेऊन जा. ३६-३६ आहे. मागच्या रिंगेला जरा आऊट आहे, आणि एका टायरला आजीचे टाके आहेत.