अनुभव धागा: पडद्यावरची आपली माणसं गेली त्या दिवशी

परवा माळा आवरताना आजीचं शेंगा निवडायचं सूप हाती लागलं आणि मला निळू फुले आठवले.

आजी आमची अंबाजोगाईची. निळूभाऊ टीव्हीवर दिसले की ती डोक्यावरचा पदर पुढं ओढायची आणि "बंद करा रे त्या मुडद्याला" म्हणायची. ती टोपी, ती तिरपी नजर, तो घोगरा आवाज. तिच्या लेखी तो माणूस खराच होता. तिच्या माहेरच्या गावात असला एक पाटील होऊन गेला होता. त्याच्याविषयी ती कधी बोलली नाही, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

13 जुलै 2009. बातमी लागली तेव्हा ती ओसरीवर हेच सूप मांडीवर घेऊन शेंगा फोडत बसली होती. "मेला का त्यो?" एवढंच म्हणाली. वडील तिच्याजवळ जाऊन बसले. "माय, तो माणूस पुण्याला लष्कराच्या मेडिकल कॉलेजात माळी होता. ऐंशी रुपये पगार, त्यातले दहा रुपये राष्ट्र सेवा दलाला द्यायचा." आजीचे हात थांबले. "माळी व्हता? मंग कामून असली कामं केली?" वडिलांना उत्तर सुचलं नाही. रात्री देवापुढं दिवा लावताना मी ऐकलं, ती हळूच म्हणत होती, "त्या माळ्यालाबी बरं ठिव रे बाबा."

म्हणून हा धागा. सिनेमा, मालिका, रंगमंच यांतल्या गेलेल्या माणसांविषयी लिहा. त्यांना कुठं पाहिलंत, शेजारी कोण होतं, गेल्याचं कळलं तेव्हा काय झालं, एवढं सांगा. गावाचं नाव आवर्जून टाका. आपल्या मराठवाड्यातल्या या गोष्टी घराघरांतच राहतात, म्हातारी माणसं गेली की त्याही जातात.

किल्लारीजवळचं एक गाव, जि. लातूर

ताई, तुमची आजी वाचून लिहायला बसलो. माझी आठवण लक्ष्याची आहे.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आदल्या दिवशीच गणपती बोळवले होते, माणसं थकून झोपली होती. आमच्या घरातली तिघं गेली. चुलतीची दोन्ही लेकरं गेली. नंतर आम्ही पत्र्याच्या शेडात राहायला गेलो. दुपारी आत थांबवत नसे आणि रात्री पत्रा वाजला की सगळे उठून बसत.

थंडीत कोणीतरी उदगीरहून व्हिडिओ आणि जनरेटर आणला. टीव्ही बाजेवर ठेवला. बायका आधी येईनात, सुतकात सिनेमा कसा बघायचा म्हणून. मग एका म्हातारीनं सगळ्यांना हाताला धरून आणलं. 'अशी ही बनवाबनवी' लावला होता. लक्ष्या लुगड्यातली पार्वती होऊन आला, पुढं तिच्या डोहाळजेवणाचा प्रसंग आला, आणि चुलती हसली. भूकंपानंतर पहिल्यांदा. आवाज करून हसली, मग पदर तोंडात धरला आणि तिथंच रडायला लागली. माझी आई तिच्या पाठीवरनं हात फिरवत राहिली. कोणी टीव्ही बंद केला नाही. मला अजून वाटतं की तो बंद केला नाही हे फार बरं झालं.

16 डिसेंबर 2004ला लक्ष्मीकांत बेर्डे गेले. वय अवघं पन्नास. मी तेव्हा लातूरला खोली करून राहत होतो. एसटीनं घरी गेलो. चुलती चुलीपुढं होती. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "कळलं रे. पार्वती गेली." त्या रात्री तिनं भाकरी केली, पण स्वतः जेवली नाही.

परभणी

किल्लारीच्या दादा, वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. तुमच्या काकूंना माझा नमस्कार सांगा.

माझं डिसेंबर 1986चं. पहिलं बाळंतपण, माहेरी. मुलगी आठ दिवसांची होती. खोलीत शेगडी, ओव्याचा धूर, कानाला फडकं बांधलेलं. वडिलांना सकाळी परभणी आकाशवाणी लावायची सवय होती. 14 तारखेला सकाळी रेडिओचा आवाज एकदम बंद झाला. नेहमी तो बातम्या संपल्यावरच बंद होई. पेपरही माझ्या खोलीत आला नाही. विचारलं तर आई म्हणाली, "आज आलाच न्हाई."

चार दिवसांनी शेंगदाण्याचे लाडू ज्या कागदात बांधून आले, त्यात स्मिता पाटीलचा फोटो होता. खाली लिहिलं होतं की बाळंतपणानंतर दोन आठवड्यांत गेली. एकतीस वर्षांची. मी तो कागद धरून कितीतरी वेळ बसले. 'उंबरठा' मी लग्नाआधी दोन वेळा पाहिला होता. घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक होणारी ती बाई बघून मी बी.एड.चा अर्ज भरला होता. आईला ते माहीत होतं, म्हणून तर पेपर लपवला. शिवाय बाळंतिणीच्या खोलीत बाळंतिणीच्या मरणाची बातमी येऊ द्यायची नाही, हेही होतं.

आई आत आली, कागद बघितला, आणि काही न बोलता मुलीला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. मुलीचं नाव स्मिता ठेवायचं माझ्या मनात होतं. आईनं ठेवू दिलं नाही. आज मी तिच्या जागी असते तर मीही ठेवू दिलं नसतं.

जालना

प्रिया तेंडुलकर. टीव्हीवरची 'रजनी', ती फसवणाऱ्यांना जाब विचारणाऱ्या बाईची मालिका, बघायला आमच्या वाड्यातल्या सगळ्या बायका आमच्याकडं. त्यानंतर माझ्या आईनं आयुष्यात पहिल्यांदा रेशन दुकानदाराला "वजन पुन्हा करा" म्हटलं. त्यानं केलं. पाव किलो साखर कमी भरली. सप्टेंबर 2002मध्ये प्रियाताई गेल्या तेव्हा आई म्हणाली, "आता दुकानात कोणाच्या जिवावर बोलू?" आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बोललीच.

लोहा, जि. नांदेड (वय 74)

नातवाला सांगून लिहून घेतोय. चुकलं तर समजून घ्या.

आमच्या माळेगावची खंडोबाची जत्रा तुम्हाला माहीतच आहे. घोडे, उंट, गाढवं, तमाशाचे फड, आणि एका बाजूला टुरिंग टॉकीजचे तंबू. मी पोरगा होतो तेव्हा एका तंबूवर काम केलंय. सांज झाली की भोंग्यावर देवाचं गाणं लागायचं. ते ऐकू आलं की गावोगावच्या बैलगाड्या निघायच्या. मधी कनात, एका अंगाला बाया, एका अंगाला गडी. खाली नुसती माती. रीळ तुटलं की माणसं शिट्या मारायची आणि मालक मला पाणी शिंपडायला लावायचा, धुरळा बसावा म्हणून.

त्या तंबूत जयश्री गडकरचा 'सांगत्ये ऐका' मी किती वेळा बघितला, हिशेब नाही. पुण्यात म्हणं हा सिनेमा एका थेटरात 131 आठवडे चालला. आमच्याकडं तंबू उठेपर्यंत चालायचा. मायला मी एकदाच नेलं. ती गर्दीत अंग चोरून बसली, पण तिची नजर पडद्यावरनं हटली नाही.

मग 1987 साल. 'रामायण' सुरू झालं. गावात एकच काळा-पांढरा टीव्ही आणि रविवारी सकाळी लाईट नसायची. ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचो, दोन वायरी लावायच्या, लाल-काळं बघून. एकदा उलटं लागलं तर जळका वास सुटला आणि पोरं रडायला लागली. टीव्हीला हार घालायचे, पुढं नारळ फोडायचे. त्या दिवशी कौसल्या आली आणि सगळे हात जोडून बसले. माय मात्र डोळे बारीक करून बघायली. मग माझ्या कानात म्हणाली, "आरं, ही आपली तंबूतली न्हवं का?" मी म्हणलं, व्हय, तीच. आणि तो दशरथ तिचा खरा नवरा, बाळ धुरी. मायला लई आनंद झाला. म्हणाली, "नाचत व्हती तवाबी ही देवाघरचीच व्हती. लोकायला उशिरा दिसली."

माय 1999ला गेली. जयश्रीबाई 2008च्या ऑगस्टात. ती बातमी मी नांदेडच्या स्टँडवर वाचली आणि पहिल्यांदा मायच आठवली.

तंबूही गेले. मागच्या जत्रेत त्या जागेवर नुसते पाळणे होते.

परभणीहून पुन्हा

लोह्याच्या काकांना नमस्कार. तुमच्या आईचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलंय.

लातूर

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. डॉ. श्रीराम लागू आमच्याच शाखेचे. आफ्रिकेत आणि पुण्यात प्रॅक्टिस केली आणि 1969मध्ये ती सोडून पूर्ण वेळ नाटक धरलं. मला हे धाडस झालं नाही, मी कॉलेजात नाटकं करायचो तेवढंच. 17 डिसेंबर 2019च्या रात्री ते गेले. दुसऱ्या दिवशी ओपीडी वीस मिनिटं उशिरा सुरू केली. पेशंटना कारण सांगितलं. एकही जण कुरकुरला नाही.

छत्रपती संभाजीनगर, सध्या मुक्काम पुणे

अजून कोणीच लक्ष्मण देशपांडे सरांचं नाव घेतलं नाही, म्हणून मी घेतो. ते काही फक्त पडद्यावरचे नव्हेत, पण कॅसेट आणि टीव्हीमुळेच ते आमच्या घरात आले, तर या धाग्यात बसतील.

2001 साली पुण्याला शिकायला आलो. पहिल्याच आठवड्यात वर्गात मी "सर, मी उद्या येतो की, आज काम करायलोय" असं म्हणालो आणि मागचे दोन बाक हसले. "करायलोय" वर. त्यानंतर महिनाभर मी वर्गात बोललोच नाही. खोलीवर बसून आरशापुढं "करतोय, करतोय" असा सराव करायचो. मला ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

दिवाळीला रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं घरी निघालो. नगर मागं पडल्यावर ड्रायव्हरनं कॅसेट लावली. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'. घरी वडिलांकडं तीच कॅसेट होती, टेप सैल झाली की पेन्सिल घालून गुंडाळायची. पण ती मी लहानपणी ऐकलेली, नुसता हसायला. त्या रात्री वेगळंच झालं. एकटा माणूस बावन्न पात्रं करतोय, आणि सगळी आमच्यासारखी बोलतायत. आमचा हेल, आमचे शब्द, आमचं ते वाक्य लांबवणं. आणि ट्रॅव्हल्समधली सगळी माणसं हसतायत, पुण्याची, मुंबईची, नगरची. माझ्या शेजारी चष्म्याचे एक गृहस्थ होते, अगदी शुद्ध बोलणारे. डोळे पुसत मला म्हणाले, "काय गोड भाषा आहे हो. तुम्ही तिकडचेच का?" मी "व्हय" म्हणालो. "हो" म्हणालो नाही.

सर आमच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख होते. हा एकपात्री प्रयोग त्यांनी जगभर नेला, त्याची गिनीज बुकात नोंद झाली. पण माझ्या दृष्टीनं त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच, की सुटाबुटातल्या लोकांपुढं त्यांनी आमची बोली मान खाली न घालता बोलून दाखवली.

22 फेब्रुवारी 2009ला सर गेले. वडिलांनी फोन केला. म्हणाले, "ऐकलास का?" मग बराच वेळ दोघंही गप्प. शेवटी वडील म्हणाले, "जेवलास का नाही?" मी म्हणालो, "जेवायलोय."

वडील आता नाहीत. ती कॅसेट माझ्याकडं आहे, वाजवायला टेप नाही. पेन्सिल मात्र त्यातच ठेवलीये.

हिंगोली

मला सिनेमातल्या रंजनाविषयी, रंजना देशमुखविषयी लिहायचंय. थोडक्यात लिहिते, जास्त जमणार नाही.

1987 साली शूटिंगला बेंगळुरूकडं जाताना तिच्या गाडीला अपघात झाला आणि कारकिर्दीच्या ऐन भरात ती चाकाच्या खुर्चीवर आली. माझा अपघात 1994चा, औंढ्याच्या रस्त्यावर, जीपचा. तेव्हापासून मी खुर्चीवर. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी मला रंजनाची मुलाखत असलेला अंक दिला. रंजना त्यात हसत होती, ओठांना लिपस्टिक होती. मी बहिणीला म्हणाले, "माझी कंगवा-पावडर आण." अपघातानंतर मी ते पहिल्यांदा मागितलं होतं. बहीण बाहेर जाऊन रडली म्हणे.

मार्च 2000मध्ये ती गेली. मी तेव्हा एका कार्यालयात नोकरीला लागले होते. तिथं तीन पायऱ्या होत्या, रोज दोघांनी खुर्ची उचलायची. त्या दिवशी मी वर गेलेच नाही. खाली झाडाखाली बसून अर्ज लिहिला, उतार करून द्या म्हणून. दोन वर्षं लागली, पण झाला. मी मनात त्याला रंजनाचा उतार म्हणते. आज पहिल्यांदा कोणाला सांगितलं.

शिरूर कासार तालुका, जि. बीड

मी सगळ्यात लहान असेन इथं. माझा जन्म 2006चा. आई-पप्पा ऊसतोडीला जायचे, मी आणि भाऊ संगं. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या आमच्या झोपडीत, लाईट नसायची. मुकादमाच्या ट्रॅक्टरवर मोबाईल चार्ज करून पप्पा आणायचे आणि रात्री भाकरी झाल्यावर लक्ष्याचा एखादा सिनेमा लावायचे. चौघांचं डोकं एका मोबाईलवर. पप्पांचे हात पाचटानं कापलेले असायचे, म्हणून मोबाईल मी धरायची. आई हसता हसता झोपायची, बसल्या जागी.

मला लक्ष्या गेलाय हे माहीतच नव्हतं. मी सातवीत होते, आश्रमशाळेत. मैत्रिणीला म्हणाले, मोठी झाल्यावर मुंबईला जाऊन लक्ष्याला भेटणार. ती म्हणाली, तो तर आपण जन्मायच्या आधीच वारला. मी तिच्याशी भांडले. मग सरांना विचारलं. सरांनी मान हलवली. मी त्या दिवशी जेवले नाही. पप्पांना फोन केला, ते कर्नाटकात फडात होते. म्हणलं, तुम्ही सांगितलं का नाही? पप्पा म्हणाले, "तुम्ही हसायले होतात ना बाळा. मधीच कसं सांगू?"

आता मी बीडला नर्सिंग करतेय. किल्लारीच्या दादांचं वाचून आईला फोनवर वाचून दाखवलं. आई म्हणाली, पार्वतीचा तो सिनेमा आपण पण कोपीत बघितला होता, तुला आठवतो का? आठवतो. धाकटा भाऊ अजून विचारतो, लक्ष्याचा नवीन सिनेमा कधी येणार. पप्पा त्याला सांगतात, "ऊस संपला की येईल."